येणाऱ्या राजाची वाट पाहताना

नाताळचा सण जवळ आला की मन आपोआप मागे वळते. बेथलेहेमचा गोठा, गव्हाणीत निजविलेले बालक, रानात कळप राखणारे मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले मागी लोक, हे सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु नाताळच्या आधीचे जे चार रविवार अनेक ख्रिस्ती मंडळ्या आगमनकाळ म्हणून पाळतात, त्या रविवारांची दृष्टी केवळ मागे नसते. ती पुढेही असते. गव्हाणीत जो आला तोच गौरवाने पुन्हा येणार आहे, या आशेचे स्मरण त्या काळात आवर्जून केले जाते. नाताळ हा अशा रीतीने दोन आगमनांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसांचा सण आहे. एक आगमन झाले, दुसरे व्हावयाचे आहे. आणि या मधल्या काळात कसे जगावे, हा आमच्या मते या सणाने पुढे ठेवलेला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला आहे. २०२० साली महामारीने सारे जग घरात कोंडले. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर मोठे आक्रमण झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात पुन्हा भीषण रक्तपात सुरू झाला. अशा प्रत्येक वेळी पवित्र शास्त्रातील भाकितांची पाने घाईघाईने उलटली जातात, नकाशांवर रेघा ओढल्या जातात आणि खिशातल्या फोनवर घटकेघटकेला एखादे नवे ‘चिन्ह’ येऊन आदळते. भाकितांची ही ओढ काही एका धर्माची मिरास नव्हे. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या योगाने जगबुडी होणार म्हणून आपल्या देशात ठिकठिकाणी यज्ञयाग झाले होते, हे जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. ख्रिस्ती माणसाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्याच्या धर्मग्रंथातच अंतकाळाविषयी पुष्कळ लेखन आहे: दानीएलाचा ग्रंथ, मत्तयकृत शुभवर्तमानाचे २४ वे व २५ वे अध्याय, पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेली दोन पत्रे आणि सर्वांत शेवटी प्रकटीकरण. हे लेखन बाजूला सारणे त्याला शक्य नाही व उचितही नाही. ते वाचलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की ते उघडण्यापूर्वी ख्रिस्ताच्या राजेपणावर मन स्थिर झालेले असावे. हा क्रम उलटला की अभ्यासाची जागा भीती घेते आणि श्रद्धेची जागा गणित घेते.

आधी सिंहासन, मग शिक्के

हा क्रम आमच्या पदरचा नाही. तो प्रकटीकरणाच्या रचनेतच आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुतेक अभ्यासकांच्या मते सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीत, पात्म नावाच्या लहानशा बेटावर असताना योहानाने हा ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले वाचक आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांतले साधे लोक होते. इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा ज्या नगरांत ते राहत, तेथे सम्राटाची पूजा हा नागरी जीवनाचा भाग होता. डोमिशियनने आपणांस ‘प्रभू आणि देव’ म्हणवून घेतले, असे रोमन इतिहासकार सुएतोनियस नमूद करतो. अशा राजवटीत येशूला प्रभू म्हणणे हे केवळ भक्तीचे कृत्य नव्हते. सत्तेपुढे उभे राहून दिलेली ती साक्ष होती.

अशा वाचकांपुढे योहान एकदम संकटांची यादी मांडत नाही. पहिल्या तीन अध्यायांत मंडळ्यांना पत्रे आहेत. चौथ्या अध्यायात स्वर्गाचे दार उघडते आणि योहानाला सर्वप्रथम दिसते ते सिंहासन. ते रिकामे नाही, त्यावर कोणी एक बसलेला आहे. पाचव्या अध्यायात सात शिक्क्यांनी बंद केलेली गुंडाळी दिसते. ती उघडण्यास योग्य असा कोणी स्वर्गात वा पृथ्वीवर सापडत नाही, म्हणून योहान फार रडतो. तेव्हा त्याला सांगण्यात येते की यहूदाच्या वंशाच्या सिंहाने विजय मिळविला आहे. तो सिंह पाहण्यासाठी योहान मान वळवतो आणि त्याला दिसतो तो वधलेला एक कोकरा. त्या कोकऱ्याच्या हाती गुंडाळी जाते. त्यानंतर सहाव्या अध्यायात शिक्के फुटू लागतात. घोडेस्वार, युद्ध, दुष्काळ आणि मरी ही सारी दृश्ये तेथून पुढची आहेत.

आमच्या मते प्रकटीकरणाचा अर्थ लावणाऱ्या प्रत्येकाने या क्रमापाशी थांबले पाहिजे. शिक्के आपोआप फुटत नाहीत. दैव वा नियती नावाची कोणी आंधळी शक्ती ते फोडत नाही. कोणताही सम्राट ते फोडू शकत नाही. ज्याने माणसांसाठी प्राण दिला त्याच्याच हाताने ते फुटतात. इतिहासाची सूत्रे अशा हाती आहेत की ज्या हातावर खिळ्यांचे व्रण आहेत, ही या ग्रंथाची मूळ घोषणा आहे. देवासाठी ‘सर्वसमर्थ’ हा जो शब्द मूळ ग्रीकमध्ये येतो, तो साऱ्या नव्या करारात दहा वेळा आढळतो व त्यांपैकी नऊ वेळा एकट्या प्रकटीकरणात. छळाच्या छायेत राहणाऱ्या लोकांना तो शब्द पुनःपुन्हा ऐकविणे अवश्य होते. पुढे काय झाले हे इतिहास सांगतो. इ. स. ९६ मध्ये डोमिशियनचा त्याच्याच राजवाड्यात खून झाला आणि रोमच्या सेनेटने शिलालेखांवरून त्याचे नाव खोडून टाकण्याचा ठराव केला. पात्म बेटावरच्या त्या माणसाचा ग्रंथ मात्र आज मराठीसह शेकडो भाषांत वाचला जातो.

ग्रंथाचे नावही लक्षात घेण्याजोगे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पडदा दूर करणे असा आहे आणि आपल्या मराठी भाषांतरातील ‘प्रकटीकरण’ हा शब्द तो अर्थ नेमका उतरवितो. पडदा दूर झाल्यावर आत काय दिसावे? ग्रंथाची पहिलीच ओळ सांगते की हे प्रकटीकरण येशू ख्रिस्ताचे आहे. जो वाचक त्यात केवळ श्वापदाचा चेहरा व ६६६ या आकड्याची उकल शोधतो आणि कोकऱ्याकडे पाहत नाही, त्याच्यासाठी पडदा अद्याप दूर झालेला नाही असेच म्हणावे लागेल.

गणिताचा मोह

खुद्द प्रभू येशूने या बाबतीत शिष्यांना संदिग्ध ठेवले नाही. जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांनी काळाविषयी विचारले, तेव्हा त्याने सावधगिरीच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. परंतु तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, असे स्पष्ट बजावले. स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा काळ आणि समय पित्याने आपल्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमचे काम नव्हे, असे सांगून त्याने त्यांना साक्षीदार होण्याचे काम दिले. येथे ‘अधिकार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तारीख गुप्त ठेवणे हे राजाच्या राजेपणाचेच एक अंग आहे. ती तारीख काढू पाहणारा मनुष्य स्वतःला कितीही श्रद्धावान समजो, राजाने आपल्याजवळ राखून ठेवलेल्या वस्तूला तो हात घालीत असतो.

इतक्या स्पष्ट शब्दांनंतरही हा मोह सुटला नाही. दुसऱ्या शतकात फ्रुगिया प्रांतात मोंतानस व त्याच्या अनुयायांनी नवे यरुशलेम आपल्याच मुलखात उतरणार असे सांगितले. जर्मनीतील म्यून्स्टर शहराची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. १५३४ साली तेथे यान माथीस नावाच्या उपदेशकाने त्या वर्षीच्या ईस्टरला जगाचा न्याय होणार, असे भाकीत केले. ईस्टर आला, माथीस मूठभर माणसे घेऊन वेढा घालणाऱ्या सैन्यावर चालून गेला व मारला गेला. त्याच्या मागून यान फान लायडन याने स्वतःला राजा म्हणून घोषित केले. शहरात उपासमार झाली, विरोधकांची मुंडकी उडविली गेली आणि १५३५ च्या जूनमध्ये शहर पडल्यावर सूड म्हणून पुन्हा कत्तल झाली. पुढाऱ्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली होती, ते पिंजरे तेथील संत लँबर्ट यांच्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकलेले आहेत. ख्रिस्ताच्या येण्याची तारीख जो आपल्या हाती घेतो, तो पुढे ख्रिस्ताचा मुकुटही आपल्या डोक्यावर घेऊ शकतो, एवढा धडा त्या पिंजऱ्यांकडे पाहून घेता येईल.

सर्वच गणिती असे दुष्ट नव्हते. अमेरिकेतील विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला एक सरळ मनाचा शेतकरी. १८१२ च्या युद्धात तो लढला होता. पुढे श्रद्धेकडे वळल्यावर त्याने दोन वर्षे पवित्र शास्त्राचा ओळीओळीने अभ्यास केला. दानीएलाच्या ८ व्या अध्यायातील २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे असे धरून व त्यांचा आरंभ इ. स. पूर्व ४५७ मध्ये मानून तो १८४३ या सालापर्यंत आला. १८३१ पासून त्याने व्याख्याने दिली आणि हजारो लोक त्याच्या मागे आले. १८४४ चा वसंत आला नि गेला. मग, इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नसल्याने हिशेबात एक वर्ष कमी पडले, असे ठरले. आणि सॅम्युअल स्नो नावाच्या उपदेशकाने २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख पुढे केली. मिलर स्वतः प्रथम कचरत होता, परंतु शेवटी त्यानेही ती मान्य केली. कोणी दुकाने बंद केली. कोणी शेतातले पीक तसेच उभे ठेवले, कारण काढणी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय, असे त्यांस वाटले. २२ तारखेची रात्र उलटली, २३ ची सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या सकाळी जे रडले त्यांची चेष्टा करण्याचा अधिकार आम्ही कोणालाही देणार नाही. त्यांची वाट पाहणे खरे होते. त्यांची तारीख खोटी होती. परंतु तारखेलाच श्रद्धा बांधलेली असल्यामुळे तारखेबरोबर अनेकांची श्रद्धाही कोसळली.

त्यानंतरची हकीकत बोधप्रद आहे. मिलरने आपले गणित चुकल्याचे मोकळेपणाने मान्य केले, पण प्रभूच्या येण्याची आशा सोडली नाही. १८४९ मध्ये त्या आशेतच त्याने देह ठेवला. त्या निराशेतून सावरलेल्या काही लोकांतून १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. १८४४ सालाचा त्यांनी निराळा अर्थ लावला. पण पुनरागमनाची नवी तारीख ठरविण्याच्या फंदात न पडता त्यांनी शाळा व रुग्णालये उभारली. पुण्यातील औंध रस्त्यावरचे स्पायसर विद्यापीठ त्याच परंपरेतले आहे. ज्यांच्या पूर्वसूरींनी एकेकाळी पीक शेतात सोडले होते, त्यांनी दूरदेशी येऊन शिक्षणाचे मळे लावावेत, यात आम्हांला निराशेतून आलेले शहाणपण दिसते.

हे शहाणपण सर्वांना लाभले असे मात्र नाही. १९८८ साली एका माजी अभियंत्याने त्या वर्षाच्या सप्टेंबरात मंडळी उचलली जाणार याची ८८ कारणे देणारी पुस्तिका काढली व तिच्या लक्षावधी प्रती खपल्या. अमेरिकेतील रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कँपिंग याने २१ मे २०११ ही तारीख जगभर फलकांवर झळकविली. ती टळल्यावर त्याच वर्षाची २१ ऑक्टोबर पुढे केली. त्या जाहिरातींत कित्येकांनी आयुष्यभराची शिल्लक घातली होती. २०१२ च्या मार्चमध्ये कँपिंगने तारीख सांगणे हे पाप होते, अशी कबुली दिली. कबुली प्रामाणिक असेल. परंतु गेलेली शिल्लक परत आली नाही आणि भयाने कोवळी मने पोळली ती पोळलीच.

ऑगस्टीनचे तीन सेवक

या मोहाला चर्चमधील थोर विचारवंतांनी वेळोवेळी आवर घातला आहे. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा आता जगाचा शेवट आला असे अनेकांना वाटले. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याच काळात ‘देवाचे नगर’ हा आपला महाग्रंथ लिहावयास घेतला. रोम म्हणजे देवाचे राज्य नव्हे, म्हणून रोमच्या पतनाने देवाचे राज्य पडत नाही, हे त्याचे सूत्र होते. पुढे काही वर्षांनी हेसिखियस नावाच्या एका बिशपने दानीएलाच्या आधारे अंतकाळ कळू शकतो काय, असे त्यास विचारले. ऑगस्टीनने दिलेले विस्तृत उत्तर उपलब्ध आहे. त्यात तो तीन सेवकांचे उदाहरण घेतो. एक म्हणतो, धनी लवकर येईल, म्हणून जागे राहू. दुसरा म्हणतो, धनी उशिरा येईल, पण आयुष्य थोडे आहे, म्हणून जागे राहू. तिसरा म्हणतो, धनी केव्हा येईल ते मला ठाऊक नाही, म्हणून जागे राहू. तिघेही धन्यावर प्रेम करतात व तिघेही जागे आहेत. परंतु पहिल्याचे म्हणणे खोटे ठरले तर ऐकणाऱ्यांचा विश्वास ढळेल. तिसऱ्याचे म्हणणे खोटे ठरूच शकत नाही. धन्याचे येणे जवळ म्हणणारा वा दूर म्हणणारा त्याच्या येण्यावर प्रेम करतो असे नाही; ते जवळ असो की दूर, जो निष्ठेने वाट पाहतो तोच प्रेम करतो, हा ऑगस्टीनचा निष्कर्ष.

पुढच्या काळातही हा संयम दिसतो. नव्या करारातील बहुतेक सर्व ग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्या कॅल्व्हिनने प्रकटीकरणावर भाष्य लिहिले नाही. गणितात ज्याचा हात कोणी धरू शकला नाही त्या आयझॅक न्यूटननेही दानीएल व प्रकटीकरण यांचा दीर्घ अभ्यास केला होता. त्याच्या मृत्यूनंतर १७३३ साली तो प्रसिद्ध झाला. भाकिते माणसाचे कुतूहल शमविण्यासाठी दिलेली नाहीत, ती घडून आल्यावर देवाची सत्ता प्रत्ययास यावी म्हणून दिलेली आहेत, असा त्याचा अभिप्राय होता. कॉन्स्टँटिनोपलच्या ३८१ सालच्या धर्मपरिषदेशी जो मतांगीकार जोडला जातो, त्यातही प्रभू जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास गौरवाने येईल व त्याच्या राज्याला अंत नाही एवढेच म्हटले आहे. सहस्र वर्षांच्या राज्याविषयी ख्रिस्ती पंडितांत आजही अनेक मते आहेत आणि ती असोत. येणारा कोण आहे याविषयी त्यांच्यात वाद नाही.

भरवसा म्हणजे आळस नव्हे

येथे कोणी म्हणेल, सारे काही राजाच्या हाती असेल तर माणसाने स्वस्थ बसावे काय? हा आक्षेप जुना आहे व त्याचे उत्तरही जुने आहे. थेस्सलनीकातील काही लोकांनी प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याच्या वार्तेने विचलित होऊ नये असे पौलाने लिहिले. आणि त्याच मंडळीतील जे कामधंदा सोडून नसत्या उठाठेवी करीत होते, त्यांस मुकाट्याने काम करून आपली भाकर खाण्यास सांगितले. मत्तयाच्या २४ व्या अध्यायानंतर येणारा २५ वा अध्याय तर या दृष्टीने फार बोलका आहे. दिव्यात तेल राखणाऱ्या कुमारी, धन्याचे द्रव्य वाढविणारे चाकर आणि शेवटी न्यायाचा प्रसंग. त्या प्रसंगी राजा कोणालाही माझ्या येण्याचे वर्ष बरोबर काढलेस काय, असे विचारीत नाही. तो विचारतो ते भुकेल्याविषयी, तान्हेल्याविषयी, परक्याविषयी, उघड्याविषयी, आजाऱ्याविषयी आणि तुरुंगात पडलेल्याविषयी. अंतकाळाच्या परीक्षेचा प्रश्न असा आधीच फुटलेला आहे. आश्चर्य एवढेच की आपण तो सोडून भलत्याच प्रश्नांची तयारी करीत बसतो.

म्हणून आमची उपदेशकांना व पाळकांना नम्र विनंती आहे. प्रकटीकरण व्यासपीठावरून अवश्य शिकवावे. ते लपवून ठेवू नये, कारण न शिकविलेल्या ग्रंथाचा ताबा अफवा घेतात. परंतु जे भाकीत सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात ख्रिस्ताविषयी प्रेम न वाढता केवळ शेजाऱ्याविषयी संशय वाढतो, ते भाकीत चुकीच्या रीतीने सांगितले गेले असे समजावे. युद्धात मरणारी माणसे ही कोणाच्या नकाशावरची चिन्हे नव्हेत. त्यांच्या मरणाची बातमी ऐकून भाकीत खरे ठरल्याचा आनंद ज्याला होतो, त्याने वधलेल्या कोकऱ्याकडे पुन्हा एकदा पाहावे. प्रत्येक पिढीने आपल्या शत्रूलाच ख्रिस्तविरोधी ठरविले. रोमच्या नीरोपासून नेपोलियन, हिटलरपर्यंत ही यादी लांबत आली. हे सारे गेले. सिंहासन मात्र तेथेच आहे.

अखेरीस नाताळच्या कथेकडे वळू. पहिल्या आगमनाविषयीही भाकीत होतेच. मागी लोक यरुशलेमास आले व नवा राजा कोठे जन्मला असे विचारू लागले, तेव्हा हेरोद राजाने मुख्य याजकांना व शास्त्र्यांना बोलाविले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता मीखा संदेष्ट्याच्या आधारे बेथलेहेमचे नाव सांगितले. उत्तर अचूक होते. बेथलेहेम तेथून सुमारे ९ किलोमीटर, पायी दोन-अडीच तासांची वाट. परंतु त्या शास्त्र्यांपैकी कोणी तेथवर गेल्याचा उल्लेख शुभवर्तमानात नाही. हेरोदाने तर तारा दिसल्याची वेळ मोठ्या चौकसपणे विचारून घेतली. त्या चौकशीमागे बालकाच्या जिवावर उठलेले मन होते. ज्यांना ठिकाण पाठ होते ते बसून राहिले, ज्याने वेळ काढली त्याने तलवार उपसली. बालकाचे दर्शन मात्र झाले ते दूरवरून वाट तुडवीत आलेल्या परक्यांना आणि ज्यांनी कोणतेही गणित केले नव्हते अशा मेंढपाळांना. ते मेंढपाळ त्या रात्री काय करीत होते? आपल्या कळपाची राखण. रोजचे काम रोजच्या जागी करीत असताना त्यांना राजाच्या आगमनाची वार्ता मिळाली.

दुसऱ्या आगमनाची वाट पाहणाऱ्यांनीही याहून वेगळे काही करावे असे आम्हांस वाटत नाही. या नाताळात भाकितांची पाने जरूर उघडावीत. दानीएल वाचावा, प्रकटीकरण वाचावे, समजेल ते नम्रतेने धरावे आणि न समजेल ते राजाच्या स्वाधीन करावे. दिव्यात तेल असावे, दारी आलेल्या भुकेल्यासाठी घरात भाकर असावी आणि आपापल्या कळपाची राखण चालू असावी. तो केव्हा येईल हे त्याच्या अधिकारात आहे. तो आला म्हणजे आपण कोठे व काय करीत सापडावे, एवढे मात्र त्याने आपल्या हाती ठेवले आहे.